पंख्याने थंड होणारं इंजिन

आमच्या घरात मुलांना नीट बोलता यायला लागलं की त्यांना आधी स्कूटर शिकवली जायची. चालवायला नव्हे, म्हणायला. इतरांच्या घरची पोरं पाहुण्यांसमोर पाढे म्हणायची, बडबडगीतं म्हणायची. आम्ही बहीणभाऊ हात मागे बांधून उभे राहायचो आणि एका दमात सांगायचो, "एकशे पन्नास सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक, गिअर चार, चाक दहा इंची, स्टेपनी एक, पंख्याने थंड होणारं इंजिन." शेवटच्या चार शब्दांवर बाबा स्वतः मान डोलवायचे. पाहुणे चहा फुंकत "वा, वा" म्हणायचे. त्यांच्यातल्या निम्म्यांना सीसी म्हणजे काय ते माहीत नसायचं, आणि आम्हाला तर अजिबातच नव्हतं.

बुलढाणा जिल्ह्यात माणसाला आधी विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? आम्ही घाटाखालचे, मोताळ्याच्या बाजूचे. बाबांची शेती भाजीपाल्याची. मेथी, मिरची, वांगी, सगळं त्या स्कूटरवरून बाजारात जायचं. गाडी त्यांनी लग्नाच्या आधी घेतली, म्हणजे घरात ती आईपेक्षा ज्येष्ठ. आई हे अधूनमधून ऐकवते, आणि ते थट्टेत म्हणते की रागात, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे बाबा दिसेल त्याला समजावून सांगायचे. दुसऱ्या गाड्यांचं इंजिन चार हालचालींत जेवढं काम करतं, तेवढं ही दोन हालचालींत उरकते. "कामाचा उरक पाहा," असं म्हणून ते आमच्या दोघांकडे बघायचे. या उरकापायी तिला पेट्रोलात ऑईल मिसळून द्यावं लागायचं. त्यासाठी बाबांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण राखून ठेवलं होतं, आणि ते देवाच्या फळीवर असायचं. एकदा मला खरोखरीचा खोकला झाला तेव्हा ते झाकण द्यायला त्यांनी साफ नकार दिला. औषध चमच्याने घे म्हणाले.

तिला सुरू करायचीही एक रीत होती. आधी सीटखालची पेट्रोलची तोटी उघडायची. मग गाडी एका अंगावर कलवायची, थोडा वेळ तशीच धरायची, म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतं. मग सरळ करून किक. बाबांचं शरीर या सवयीत असं काही मुरलं होतं की पुढे भावाने बटणावर सुरू होणारी बिनगिअरची स्कूटर आणली, तेव्हा पहिल्या दिवशी बाबांनी तीही आधी कलवली. तिच्या स्टँडने त्यांची नडगी सोलून निघाली. "गाडीत काही दम नाही," एवढंच बोलून ते हळद लावायला आत गेले.

पण बाबांचा खरा अभिमानाचा सिद्धांत होता तो वजनाचा. या स्कूटरचं इंजिन मधोमध नसतं, उजव्या कुशीत असतं. त्यामुळे गाडी मुळातच उजवीकडे ओढते. आता बाया मागे बसतात त्या डाव्या बाजूला पाय सोडून. म्हणजे उजवीकडे इंजिन, डावीकडे बायको, आणि गाडी सुतासारखी सरळ. कारखान्यातल्या लोकांनी हा सगळा विचार करूनच गाडी बनवली आहे, असं बाबांचं ठाम मत होतं. आई माहेरी गेली की ते डाव्या डिक्कीत शेतातला एक मोठा दगड ठेवून गाडी चालवत. आईला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दगडानं भागते तं दगडच नेत जा." पुढे बरेच दिवस तिने मागे बसायचं नाव काढलं नाही, आणि बाबा खरोखर दगड घेऊन फिरले.

आईचं माहेर देऊळघाट, म्हणजे घाटावरचं. तिकडे जायचं तर आम्हाला राजूरचा घाट चढावा लागे. भाऊ पुढे उभा, मग बाबा, मग बाबांच्या आणि आईच्या मधे चेपलेली मी, आणि आई. घाटातल्या एका वळणावर देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथे बाबा न चुकता गाडी थांबवायचे. मोठ्या भक्तिभावाने चपला काढायचे, आणि मग गाडीचं उजव्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढून बाजूला ठेवायचे. "तिलेबी दर्शन होऊ द्या," असं म्हणायचे. मग देवीला एक प्रदक्षिणा, गाडीला दोन. त्यानंतर डिक्कीतून फुटाण्यांची पुडी निघायची आणि आई-बाबा कट्ट्यावर बसायचे. आम्ही दोघं माकडांना वाकुल्या दाखवत हिंडायचो. पुष्कळ वेळाने बाबा उठायचे, इंजिनावर तळहात ठेवायचे, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणायचे, "चला, झालं दर्शन."

आम्ही असं धरून चाललो होतो की माणूस जशा चपला काढतो तसं गाडी झाकण काढते. देवापुढे जाण्याची तिची ती रीत. यात शंका घेण्यासारखं काही आहे असं मला बालपणी वाटलं नाही, शाळेत वाटलं नाही, आणि मी विज्ञानाची शिक्षिका झाले तरी वाटलं नाही. काही गोष्टी डोक्याच्या अशा कोपऱ्यात जाऊन बसतात की तिथे शिक्षणाचा झाडू पोचतच नाही.

मग आम्ही, म्हणजे मी आणि माझ्या नवऱ्याने, बुलढाण्यात घर केलं आणि चारचाकी घेतली. नवरा जिल्ह्याबाहेरचा. नव्या गाडीने पहिल्यांदाच माहेरहून परत येत होतो. घाटात देऊळ आलं तशी मी गाडी बाजूला घेतली, उतरले, चपला काढल्या, बॉनेट उघडून वर टेकवलं आणि डोळे मिटून हात जोडले. मागून एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "काय ताई, बिघडली का?"

"नाही हो, दर्शन चाललंय," मी म्हटलं.

ड्रायव्हरने बॉनेटकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहिलं आणि निघून गेला. नवऱ्याने सगळी हकीकत विचारून घेतली. ती ऐकता ऐकता तो कट्ट्यावर बसला आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, चढावर चार जणांचं ओझं! इंजिन तापत असणार. थंड व्हायला थांबत होते ते!"

मी चिडले. पण रस्ताभर विचार करत गेले, आणि घरी पोचेपर्यंत सगळं लख्ख झालं होतं. पंख्याने थंड होणारं इंजिन तापलं, असं बाबा कोणत्या तोंडाने म्हणणार? मोटरसायकली रस्त्यावरच्या वाऱ्याच्या भरवशावर जगतात, आपल्या गाडीच्या पोटात स्वतःचा पंखा आहे, हे त्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं. म्हणून त्यांनी देवीला मधे घातलं. मी भावाला फोन करून सांगितलं. तोही आधी चिडला आणि मग हसत सुटला. आईला मात्र यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. आपला नवरा भाविक आहे एवढं एकच समाधान तिला होतं, ते कशाला घालवा.

ही झाली जुनी गोष्ट. आता भाऊ शेती बघतो, भाजी पिकअपमधून जाते, आणि स्कूटर शेडमध्ये उभी असते. बाबा रोज तिला पुसतात, कलवतात, किक मारतात, थोडा वेळ तिचा फटफटाट ऐकतात आणि बंद करतात. गल्लीत निळा धूर पसरतो. गेल्या उन्हाळ्यात भावाने नव्या ठिबकच्या नळ्या आणल्या आणि ठेवायला जागा उरली नाही. मी नेमकी तेव्हा माहेरी होते.

"बाबा, भंगारवाला येऊन राह्यला उद्या-परवा," भाऊ म्हणाला. "देऊन टाकू का गाडी?"

बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. "आधी मले दे त्याले. मंग गाडी."

"अजी, पण चालत नाही ना थे कुठं. नुसती धूर करते."

"चालत नाही? आजबी घाट चढते थे."

इथे भावाने डाव साधला. माझ्याकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, "बरं. मायले मागं बसवा आन् देऊळघाटले जा मामाकडं. पण न थांबता. चढली तं गाडी शेडमधी राहीन, नळ्या मी अंगणात ठेवतो. थांबली तं भंगारात."

न थांबता हे दोन शब्द ऐकले आणि बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांनी पाणी प्यायलं. "हाव," म्हणाले. मला भावाचा राग आला. एकट्यात गाठून त्याला म्हटलं, "काऊन रे, तुले माहीत हाये ना काऊन थांबत होते थे?" तो म्हणाला, "म्हूनच तं अट घातली ताई. जागा पाह्यजे मले." शेतकऱ्याला जागा लागते हे खरं, पण गाडी गेली तर बाबा सकाळी उठून काय करतील, हे त्याने मनाशी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं.

तयारी सुरू झाली. बाबांनी प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. कार्बोरेटर धुतला. मग त्यांनी सायलेन्सर काढला. टू-स्ट्रोक गाडी ऑईल जाळते, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये बसते आणि गाडीचा दम कोंडतो. तो मोकळा करायचा तर सायलेन्सर विस्तवात भाजून काढावा लागतो. बाबांनी अंगणात गोवऱ्या रचल्या, त्यावर सायलेन्सर ठेवला आणि वांगं भाजावं तसा उलटापालटा करायला लागले. जो धूर निघाला तो काळा, चिकट आणि जगातल्या सगळ्या वासांहून वेगळा होता. शेजारणींनी वाळत घातलेल्या कुरडया उचलल्या. कोणीतरी विचारायला आलं, "काय जळून राह्यलं?" आई दारातून म्हणाली, "भरीत करून राह्यले. या जेवाले."

गंमत म्हणजे या सगळ्यात आईला कोणी विचारलंच नव्हतं. तिच्या गुडघ्यांना आता स्कूटरवर चढणं सोपं नाही. मी विचारलं, "माय, तू बसशील ना?" तिने पोळी तव्यावर टाकली. "न बसून कसं जमन? मी नाही बसली तं गाडी उजवीकडं वढते," ती म्हणाली, इतक्या गंभीरपणे की माझा चेहरा तिने पाहू नये म्हणून मी वळून उभी राहिले.

रविवारी सकाळी निघालो. बाबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला, डोक्यावर भावाचं हेल्मेट चढवलं. आई स्टुलावरून सीटवर बसली, पाय डावीकडे, उजवा हात बाबांच्या खांद्यावर, डावा मागच्या स्टेपनीवर. आम्ही दोघं भावाच्या स्कूटरवर मागोमाग, पंच म्हणून.

घाटाच्या तोंडाशी बाबांनी गिअर खाली आणला. या गाडीचे गिअर डाव्या मुठीत असतात, क्लच दाबून अख्खी मूठ पिरगाळावी लागते. बाबांचं मनगट आता दुखतं, पण त्या दिवशी ते विशीतल्या माणसासारखं फिरलं. गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि चढायला लागली. मोकळ्या सायलेन्सरचा आवाज असा खणखणीत की समोरून येणारे लोक बघत राहिले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मागून येणाऱ्या एका जीपने हॉर्न वाजवला तर बाबांनी तिला हाताने पुढे जा म्हणून खूण केली, जणू घाट त्यांचाच होता.

"ताई," पुढे बसलेला भाऊ मान वळवून म्हणाला, "चढते ना ही!"

चढतच होती. देऊळ दिसायला लागलं. एवढ्या वर्षांत ते वळण बाबांनी कधी न थांबता ओलांडलं नव्हतं. आज गाडीचा सूर जराही बदलला नव्हता. मी चक्क हात जोडले, देवीला नव्हे, इंजिनाला. जिंकणार होते बाबा. मला इतका आनंद झाला की मी भावाच्या पाठीत धपाटा घातला.

आणि आईने बाबांच्या खांद्यावर थाप मारली. एकदा मारली, बाबांनी लक्ष दिलं नाही. मग तिने मूठ वळून ठोकायला सुरुवात केली.

"थांबा!"

"अवं, चढून राह्यली ना गाडी!" बाबा इंजिनाच्या वरताण ओरडले.

"थांबा म्हणते ना!"

"टोक आलं वं! थोडंसंच राह्यलं!"

"मले इथं उतराचं हाये!"

बाबांनी मागे पाहिलं, पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. मग ब्रेक दाबला. गाडी देवळासमोर, तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली. एक माकड कट्ट्यावरून उठून त्यांना जागा देऊन गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा आई देवीला हात जोडून कट्ट्यावर बसलेली होती. बाबा हेल्मेट काढून उभे होते. त्यांना ओरडताही येत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. भावालाही वाटलं असावं, पण अट त्याने घातली होती, म्हणून तो बोलला, "बाबा, आता..."

"आता काय?" आई मधेच म्हणाली. "गाडी थांबली का मी थांबवली? गाडीनं काय केलं? तिले कायले भंगारात टाकतं?"

"पण माय, थे दर्शनाचं तुले माहीत नाही..." भाऊ बोलून गेला. मी त्याला चिमटा काढला.

"चिमटे नको काढू त्याले," आई म्हणाली. "मले सगळं माहीत हाये. गाडी तापते म्हून थांबत होते हे."

"कोण म्हणते तापते?" बाबा उसळले. "पंखा हाये तिले!"

"पंखा हाये तं झाकण काऊन काढत होते? देवीपुढं हात जोडत होते आन् नजर गाडीवर. मले पह्यल्याच खेपेले समजलं. नवी नवरी होती, आंधळी नव्हती."

बाबा गाडीचं हँडल धरून उभे राहिले. त्यांचा एवढा मोठा सिद्धांत, एवढी वर्षं सांभाळलेला, असा भर रस्त्यात उघडा पडला होता. मग ते म्हणाले, "मंग बोलली काऊन नाही तू?"

"बोलली असती तं तुम्ही गाडी सुधरून आणली असती."

बाबांना ते कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. आईने पदराने मान पुसली.

"घरात तुमची माय, बाबा, दोन भाऊ, भयीण. सक्काळपासून चूल. तुमच्याशी दोन शब्द बोलाचे तं कुठं बोलाव? याच कट्ट्यावर तुम्ही मले इचारलं होतं, तुले आमच्या घरी बरं वाटते का म्हून. घरी इचारलं का कधी? गाडी तापे म्हून तं तुम्ही माह्याजवळ बसत. आन् आज निघाले होते न थांबता."

भाऊ उगाच आपल्या स्कूटरचा आरसा पुसायला लागला. मग म्हणाला, "नळ्या अंगणातच ठेवतो मी," आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

बाबांनी डावी डिक्की उघडली. आत फुटाण्यांची पुडी होती. न थांबता घाट चढायला निघालेल्या माणसाने फुटाणे कशाला घेतले होते, हे मी विचारलं नाही. ते आईशेजारी बसले. पुडी दोघांच्या मधे ठेवली. घाटातला वारा छान लागत होता, खाली राजूरची शेतं पसरली होती, आणि ती दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती, ते ऐकू येऊ नये इतक्या अंतरावर मी जाऊन बसले.

खूप वेळ गेला. मामाचा फोन आला, जेवायला खोळंबलेत म्हणून. भावाने लांबून हाक मारली, "चला ना बाबा, झालं का?" बाबा उठले, गाडीजवळ गेले, उजव्या बाजूचं झाकण काढलं आणि इंजिनावर तळहात ठेवला. मीही शेजारी जाऊन हात ठेवून पाहिला. इंजिन गार पडलं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भावाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "तापली हाये अजून. बसू थोडं."

आणि परत जाऊन आईशेजारी बसले.